‘तसं काही मनात नाही ना?’ : रिपीटर बॅचमधल्या एका मुलाचे प्रकरण

या प्रकरणातला मुलगा कुणी एक नाही. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा समोर येते, ते एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. त्याने स्वतःचे काय करायचे ठरवले होते तो तपशील मुद्दाम गाळला आहे. तो वाचून कुणाचा फायदा होत नाही, नुकसान मात्र होऊ शकते. वाचताना तुम्हाला स्वतःलाच असे विचार येत असतील, तर पुढचे नंतर वाचा. आधी टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मुलगा आणि त्याचे घर

वय १७ वर्षे ५ महिने. मराठवाड्यातले लहान गाव, वडिलांची साडेचार एकर जमीन, सोयाबीन आणि तूर. घरात आई, वडील, आज्जी, धाकटी बहीण. बारावीला गुण चांगले पडले, नीटमध्ये जागा थोडक्यात हुकली, म्हणून लातूरला रिपीटर बॅच. दोघांत एक खोली, डबा जवळच्या मेसचा. फीसाठी वडिलांनी सोसायटीचे आणि एका नातेवाइकाचे कर्ज काढलेले. ही गोष्ट घरात रागाने कुणीच बोलत नसे. फोनवर वडील एवढेच म्हणत, “पैशाचं टेन्शन घेऊ नको, तू फक्त अभ्यास कर.” त्यांनी ते धीर देण्यासाठी म्हटलेले असे. मुलगा फोन ठेवल्यावर व्याजाचा हिशोब करत बसे.

दिवाळीला गावी गेला तेव्हा चुलतभावाच्या मेडिकल प्रवेशाचे पेढे आलेले होते. परतल्यावर आठवड्याच्या टेस्टमधले गुण ७२० पैकी ५२० वरून चारशेच्या आसपास घसरले. झोप तीन तासांवर आली. महिन्याभरात चार किलो वजन उतरले.

पहिली भेट आणि तिच्यात जे चुकले

डोके दुखते, झोप नाही, पोटात कालवते, एवढ्या तक्रारींवर वडील त्याला एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, अभ्यासाबद्दल विचारले आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, “बाकी तसं काही वेडंवाकडं मनात येत नाही ना?” मुलगा “नाही” म्हणाला.

त्याने दुसरे काय म्हणायचे होते? मराठीत ‘नाही ना?’ हा खरे तर प्रश्नच नाही, ती विनंती आहे. विचारणाऱ्याला कोणते उत्तर सोसेल ते त्यात आधीच सांगून झालेले असते. शिवाय शेजारी वडील, दार अर्धे उघडे, बाहेर रांग. ‘वेडंवाकडं’ या शब्दाने वर हेही कळवले की असे वाटणे म्हणजे वेडेपणा. डॉक्टर निष्काळजी नव्हते, त्यांनी विचारले तरी. पण अशा रीतीने विचारणे न विचारण्यापेक्षा वाईट ठरते. कागदावर ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ अशी नोंद होते आणि पुढचे सगळे निर्धास्त होतात.

दुसरी चूक गोळ्यांच्या संख्येची. झोपेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, एकदम, थेट मुलाच्या हातात दिल्या गेल्या. नैराश्याची शंका असलेल्या कोणत्याही मुलाला औषध द्यायचे ते थोड्या दिवसांचे, आणि ते मोठ्या माणसाच्या ताब्यात. कोणत्याही गोळीला हा नियम लागू आहे.

कुणाच्या लक्षात आले

आधी मेसच्या काकूंच्या. डबा तीन दिवस जवळजवळ भरलेलाच परत आला, तेव्हा त्यांनी खोलीतल्या दुसऱ्या मुलाला हटकले. त्यालाही दोन गोष्टी खटकल्या होत्या. जीवशास्त्राच्या हाताने काढलेल्या नोट्स, ज्यांना हा कुणाला हात लावू देत नसे, त्या याने “तुला ठेव” म्हणून दिल्या. आणि इतके दिवस चिडचिड करणारा मुलगा त्या संध्याकाळी एकदम शांत झाला. खोलीतल्या मित्राने सरळ विचारले तेव्हा तो म्हणाला, “कुणाला सांगू नको, शपथ आहे.”

मित्राने शपथ मोडली आणि मुलाच्या मामाला फोन केला. या संपूर्ण प्रकरणातले सगळ्यात मोलाचे काम हेच. मामा रात्रीच्या एसटीने निघून पहाटे पोचला. तोवर मित्राने त्याला एकटे सोडले नाही, उपदेश केला नाही, फक्त खोलीत जागा राहिला. किशोरवयीन मुले हे पहिल्यांदा सांगतात ते बहुतेक वेळा बरोबरीच्या मुलालाच. त्यामुळे ‘असे गुपित पाळायचे नसते’ हे वर्गात उघड सांगायला हवे.

दुसरी मुलाखत

मनोविकारतज्ज्ञांकडची ही भेट पन्नास मिनिटांची झाली. मामा बाहेर, दार बंद. सुरुवातीलाच गोपनीयतेची हद्द सांगितली गेली: “तू बोलशील ते या खोलीत राहील. तुझ्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मात्र घरच्यांना सांगावं लागेल. काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, ते आधी तुझ्याशी ठरवू.” पहिली पंधरा मिनिटे झोप, जेवण, टेस्ट आणि खोली यांतच गेली. मग पायरीपायरीने:

“इतका त्रास होत असला की कुणाकुणाला वाटतं, झोपलो तर सकाळी उठूच नये. तुला असं वाटतं का?”
“रोज.”
“स्वतःचा जीव घ्यावा, असं मनात येतं का?”

इथे मुलगा बराच वेळ गप्प राहिला. अशी शांतता डॉक्टरने स्वतः बोलून भरायची नसते. मुलाच्या हातात चपलेचा निघालेला अंगठा होता, तो त्याने दोनदा बसवला, दोनदा काढला. मग म्हणाला, “येतं.”

पुढचे प्रश्न याच सरळपणे आले. कसे करायचे याचा विचार केलास? तसे करायचेच असे ठरवले आहेस, की विचार येतो आणि जातो? दिवस किंवा जागा ठरवली आहेस? त्यासाठी काही जमवले आहेस? आजवर कधी प्रयत्न केलास, किंवा सुरुवात करून थांबलास? हा क्रम आत्महत्येचा धोका मोजण्याच्या कोलंबिया मापनपद्धतीतला आहे: मरणाची इच्छा, मग जीव घेण्याचा विचार, मग मार्गाचा विचार, मग हेतू, मग आखणी, आणि वेगळेपणाने वर्तन. प्रत्येक पायरीवर धोका वाढतो. म्हणून ‘विचार आहेत’ एवढ्या नोंदीवर थांबता येत नाही.

मराठीत या पायऱ्यांना आपापले शब्द आहेत आणि ते ओळखता यायला हवेत. ‘नकोसं झालंय’, ‘सुटावंसं वाटतं’, ‘उठूच नये’ ही पहिली पायरी. ‘जिवाचं बरंवाईट करून घेईन’ ही दुसरी, मग ते रागाच्या भरात म्हटलेले का असेना. ‘निकालानंतर बघू’, ‘बहिणीचं लग्न तेवढं होऊ दे’ अशी मुदतीची भाषा आली की आखणीबद्दल विचारायलाच हवे. हा मुलगाही बोलता बोलता म्हणून गेला होता, “पुढच्या टेस्टपर्यंत बघतो.”

विचारल्याने विचार डोक्यात भरतो का? पालक आणि शिक्षक हे नेहमी विचारतात. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर २००५ साली प्रसिद्ध झालेला यादृच्छिक अभ्यास नेमका याच शंकेवर होता. प्रश्न विचारलेल्यांत ना अस्वस्थता वाढली, ना आत्महत्येचे विचार. आधीपासून नैराश्य असलेल्या मुलांत तर उलट थोडे हलके वाटल्याचे दिसले.

या भेटीत पीएचक्यू-ए या प्रश्नावलीवर २७ पैकी १९ गुण आले, म्हणजे मध्यम-तीव्र नैराश्य. विचार रोजचे, मार्गाचा विचार झालेला, मुदत ठरलेली. पूर्वी प्रयत्न नाही, दारू नाही, भास-भ्रम नाहीत. “आजवर कशाने थांबलास?” या प्रश्नाला उत्तर लगेच आले: “आज्जी.” या सगळ्या त्रासाखालचा खरा धागा मात्र गुणांचा नव्हता. तो म्हणाला, “मी नसतो तर अप्पा कर्जातून सुटले असते.” आपण घरावर ओझे आहोत ही समजूत फार धोकादायक असते, कारण तीत मरण हे घरच्यांसाठी केलेले काम वाटू लागते. ‘तुझ्यासाठी आम्ही किती केलं’ हे वाक्य अशा वेळी प्रेमानेही बोलू नये.

सरकारी आकड्यांत हा धागा दिसत नाही. २०२२ साली देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या होत्या आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातल्या. पण पोलिसांच्या तक्त्यात प्रत्येक मृत्यूला एकच कारण असते. ‘परीक्षेतील अपयश’ किंवा ‘कौटुंबिक कारण’ यांपैकी एका रकान्यात कर्ज, झोप, नैराश्य, चुलतभावाचे पेढे, हे सगळे कसे मावणार?

भरती की घर

भरतीचा विचार झाला. अल्पवयीन मुलाला भरती करायचे तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ८७ प्रमाणे पालकाचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि जवळचे माणूस सोबत राहते. इथे ती टाळली, कारण चार गोष्टी जुळल्या: मुलगा सुरक्षा योजनेचे कार्ड (ते पुढे दिले आहे) लिहायला तयार झाला, आई येऊन चोवीस तास राहू शकत होती, खोलीत धोकादायक काही उरणार नव्हते, आणि ४८ तासांत पुन्हा भेट शक्य होती. यांतली एक जरी नसती तरी भरतीच करायला हवी होती. मुलाने कार्ड लिहायला नकार देणे, घरी सतत सोबत नसणे, येत्या काही तासांचा इरादा, या प्रत्येकापुढे घरी पाठवण्याचा मोह आवरायचा असतो.

मामाने इथे एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला: “पोलीस केस होईल का?” आत्महत्येच्या विचारांबद्दल डॉक्टरशी बोलणे हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्नाबद्दलही २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ असे गृहीत धरते की व्यक्ती तीव्र ताणाखाली होती आणि तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखी सरसकट शिक्षा उरलेलीच नाही. ही भीती जितकी लवकर दूर होईल तितके लवकर लोक दवाखान्यात येतात.

कार्ड

आईने आल्याआल्या मुलाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली: “असं पुन्हा मनात आणणार नाहीस.” आईचे मन समजण्यासारखे आहे, पण शपथेने विचार येणे थांबत नाही. थांबते ते सांगणे, कारण विचार आला हे सांगणे म्हणजे आता शपथ मोडली हे कबूल करणे. कागदावर सही घेऊन केलेल्या ‘करारा’चेही तेच होते. म्हणून शपथ सोडवली आणि तिच्या जागी सुरक्षा योजना लिहिली. स्टॅन्ली आणि ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला हा सहा पायऱ्यांचा आराखडा आहे. अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांतून घरी गेलेल्या माजी सैनिकांमध्ये, ही योजना आणि पाठोपाठ फोन मिळालेल्यांत, पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळले. तो अभ्यास २०१८ चा.

कार्ड मुलाने स्वतःच्या अक्षरात, रफ वहीच्या पानावर लिहिले.

१. धोक्याची खूण: ‘टेस्टचा निकाल ग्रुपवर आला की कान गरम होतात. मग एकच वाक्य फिरतं, मी ओझं आहे.’
२. एकट्याने करायचे: ‘नळाखाली डोकं धरणे. सायकल. आज्जीच्या जुन्या व्हॉइस नोट.’
३. मन वळवायला: ‘मेसच्या काकूंकडे जाऊन बसणे.’
४. कुणाला सांगायचे: ‘मामा. रूममेट.’
५. तज्ज्ञ: मनोविकार विभागाचा नंबर, १४४१६, आणि जीव धोक्यात असेल तर ११२.
६. आसपास सुरक्षित करणे: ‘आई बघणार.’

दुसऱ्या ओळीत त्याने आधी ‘प्रॉब्लेम सोडवत बसणे’ लिहिले होते. अभ्यास हेच ठिणगीचे ठिकाण असल्याने ते त्याच्याशी बोलून खोडले. प्रत्येक ओळीला विचारायचे असते, “रात्री दोनला हे खरंच करशील का? आड काय येईल?” सायकल रात्री कुलपात असते, म्हणून तिच्यापुढे ‘फक्त दिवसा’ असे आले. चौथ्या ओळीत वडिलांचे नाव नव्हते आणि ते घालायचा आग्रह कुणी धरला नाही. कार्डाचा फोटो मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवला.

सहावी पायरी मुलाची नसते, मोठ्यांची असते. खोलीतल्या सगळ्या गोळ्या आईने ताब्यात घेतल्या, रोजचा डोस तिच्या हातून. गावाकडे शेतीच्या फवारणीची औषधे घरातून हलवून वेगळ्या जागी कुलपात गेली, किल्ली वडिलांच्या कडदोऱ्याला. वडील आधी म्हणाले, “ज्याला करायचंय तो काहीही करून करतो.” हा समज फार खोल आहे आणि तो चुकीचा आहे. टोकाची लाट बहुधा काही मिनिटे ते काही तास टिकते. त्या वेळात हाताशी काही नसले तर बहुतेक माणसे दुसरा मार्ग शोधत बसत नाहीत, लाट ओसरते. श्रीलंकेत सर्वात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर देशाचा एकूण आत्महत्या-दर खाली आला तो याच कारणाने. हे ऐकल्यावर वडिलांनी कुलूप त्याच दिवशी आणले.

औषध, बोलणे, अभ्यास

फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध १० मिलिग्रॅमने सुरू झाले, दोन आठवड्यांनी २० झाले. सोबत दर आठवड्याला बोधनात्मक वर्तन उपचाराचे, म्हणजे विचार आणि वागणे यांवर काम करणाऱ्या संवादोपचाराचे सत्र. ४३९ किशोरांवरच्या २००४ च्या अमेरिकी चाचणीत बारा आठवड्यांनी दोन्ही मिळून ७१ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली, नुसत्या औषधाने ६१, नुसत्या संवादोपचाराने ४३ आणि बनावट (औषध नसलेल्या) गोळीने ३५. औषधाच्या पहिल्या आठवड्यांबद्दलचा इशाराही घरच्यांना सांगायचा असतो. चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा वर्तन औषध घेणाऱ्या मुलांत सुमारे ४ टक्के आणि बनावट गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के दिसले होते, मृत्यू एकही नव्हता. म्हणून औषध टाळायचे नाही, नजर ठेवायची. बेचैनी, एका जागी बसवत नाही, झोप आणखी उडाली, असे दिसले की त्याच दिवशी फोन. चांगले वाटले म्हणून अचानक थांबवायचे नाही.

घरच्यांना देवदर्शनाला न्यायचे होते. न्या, असेच सांगितले, फक्त मंगळवारचे सत्र चुकवू नका.

टेस्टचा ग्रुप सहा आठवडे म्यूट झाला. शिकवणीने त्याचे गुण ग्रुपवर न टाकता त्याला एकट्याला कळवायचे मान्य केले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत आणि शिकवणी वर्गही त्यांत येतात. पण समुपदेशक नेमून निकाल भिंतीवर गुणांच्या उतरत्या क्रमाने लावत राहिलात, तर एक हात दुसऱ्याचे काम पुसत राहतो.

पाचवा आठवडा

भेटींचे वेळापत्रक जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अभ्यासातून घेतले, त्यात चेन्नईही होते. पाच देशांतल्या, प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ लोकांपैकी निम्म्यांना घरी जाताना तासाभराची माहिती आणि नंतर नऊ वेळा संपर्क मिळाला: १, २, ४, ७ आणि ११ व्या आठवड्यात, मग ४, ६, १२ आणि १८ व्या महिन्यात. दीड वर्षात आत्महत्येने मृत्यू त्यांच्यात ०.२ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के. संपर्क म्हणजे फार काही नाही. कसा आहेस, काही हवे का, एवढेच.

चौथ्या आणि सातव्या आठवड्याच्या मध्ये ते घडले. मोठी सराव परीक्षा झाली, गुण ३९० आले. रात्री साडेअकराला त्याने कार्ड उघडले, डोके धुतले, आज्जीचा आवाज ऐकला, मामाला फोन लावला. मामा पिकाला पाणी द्यायला रानात, रेंज नाही. रूममेट गावी गेलेला. आई शेजारीच झोपली होती, पण तिला उठवायचे धाडस झाले नाही. त्याने १४४१६ लावला, मराठीचा पर्याय निवडला आणि पंचवीस मिनिटे बोलला. मग आईला हाक मारली.

दुसऱ्या दिवशीच्या भेटीत यावर ‘पुन्हा बिघडला’ असा शेरा पडला नाही. कार्ड चालले होते, चौथी ओळ तोकडी पडली होती. तिथे आईचे नाव आले. आईशी ठरलेला शब्दही: तो नुसते “उठ ना” म्हणेल, तिने काही न विचारता दिवा लावून बसायचे. ‘मला मरावंसं वाटतंय’ हे आईला पूर्ण वाक्यात सांगणे सतरा वर्षांच्या मुलाला जड जाते, दोन शब्द जड जात नाहीत.

सातव्या आठवड्यात पीएचक्यू-ए ९ वर आला. अकराव्यात वडील स्वतः आले आणि कर्जाची वही घेऊन आले. किती फेडले, किती राहिले, यंदाची तूर किती निघाली, हे त्यांनी मुलापुढे मांडले. आकडा मुलाने मनात धरला होता त्याच्या निम्म्याहून कमी होता. त्याच्यापासून लपवले म्हणून तो वाढत गेला होता.

जून

ठरीव वेळापत्रकाला निकालाची तारीख ठाऊक नसते. सहाव्या महिन्याची भेट मे महिन्यात, नीटनंतर झाली, पण खरी जोखीम जूनची. म्हणून तीन फोन वेगळे लावले: निकालाच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी संध्याकाळी, आणि तिसऱ्या दिवशी, कारण पाहुण्यांचे फोन तेव्हा सुरू होतात. निकाल मोबाइलवर एकट्याने उघडायचा नाही, घरी, मामासमोर उघडायचा असे ठरले. दुसरा पर्याय निकालाआधीच कागदावर होता, फॉर्म भरून. त्याच महिन्यात मुलगा अठरा वर्षांचा झाला. आता उपचारांची संमती त्याची स्वतःची, आणि गरज पडल्यास त्याच्या वतीने कोण बोलेल ते नेमण्याचा हक्कही त्याचा. त्याने लेखी मामाचे नाव दिले.

सरकारी मेडिकलला जागा मिळाली नाही. तिसऱ्या दिवशीच्या फोनवर तो म्हणाला की पहिल्या रात्री विचार आला होता, कार्डाच्या दुसऱ्या ओळीवरच थांबला. त्याने पशुवैद्यकीय शाखेच्या फेरीत नाव नोंदवले आहे. औषध सुरू आहे. कार्डाचे पान घड्यांवर फाटले म्हणून त्याने ते नव्याने उतरवून काढले, तेव्हा चौथ्या ओळीत आईच्या पुढे ‘अप्पा’ लिहिले. बाराव्या महिन्याची भेट दिवाळीनंतर आहे, आणि त्याआधी दिवाळीच्याच आठवड्यात एक फोन जास्तीचा.